'स्वच्छ'वर आणून ठेवलेला काटा

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. हे नाव एका दमात म्हणता आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. ज्या वाचनालयाच्या मोठ्या दालनात मी एकोणचाळीस वर्षं टांगलेला आहे, त्याच्या अध्यक्षांनाही ते अजून जमलेलं नाही. लोक मला 'हवेचं घड्याळ' म्हणतात. काही जण माझ्याकडे बघून मनगटावरची वेळ लावून घेतात आणि मग गाडी चुकली की गाडीला शिव्या घालतात.

दिसायला मी गोल आहे. पितळी कड, जाड काच, आत पांढरी तबकडी आणि तिच्यावर दोन काटे. काळा काटा माझा स्वतःचा. पितळी काटा माणसांचा. तो काचेवरच्या बोंडाने हाताने फिरवतात. सकाळी काळा काटा असेल तिथे पितळी आणून ठेवायचा, म्हणजे काळा दिवसभरात किती सरकला आणि कुठल्या बाजूला, ते संध्याकाळी कळतं. माझी सगळी विद्या या दोन काट्यांमधल्या फटीत आहे. पण तबकडीच्या कडेने, डावीकडून उजवीकडे, पाच शब्दही लिहिलेले आहेत: वादळ, पाऊस, बदल, स्वच्छ, कोरडं. आणि शब्द दिसला की माणूस फटीकडे बघत नाही.

माझ्या पोटात पातळ पत्र्याची एक चपटी डबी आहे. तिच्यातली हवा जवळजवळ सगळी काढून घेतलेली आहे. आपल्या सगळ्यांच्या डोक्यावर कित्येक कोस उंच हवा रचलेली असते आणि तिला वजन असतं. ते वाढलं की डबी चेपते, काटा उजवीकडे जातो. कमी झालं की डबी फुगते, काटा डावीकडे येतो. थोडक्यात, मी रिकाम्या पोटी काम करतो. या दालनात भरल्या पोटीही काम न करणारे पुष्कळ आहेत, पण ते असो.

मला घडवणारा कारागीर बंदराच्या गावचा होता. त्याने ते पाच शब्द समुद्रकाठच्या हवेच्या मापाने लिहिले. पुढे बंदरातले एक अधिकारी निवृत्त झाले, या डोंगरमाथ्यावरच्या गावात राहायला आले आणि त्यांनी मला वाचनालयाला भेट दिलं. उंचावर आलं की डोक्यावरची हवा कमी होते, हा हिशेब कुणाच्या लक्षात आला नाही. भिंतीवर टांगल्या क्षणी, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, माझा काटा 'वादळ'वर जाऊन बसला. लोक हसले. "याला सासुरवास दिसतोय," असं एक जण म्हणाला. त्यानंतर वीस वर्षं मी वादळ दाखवत होतो आणि गावकरी छत्री न घेता बाहेर पडत होते.

मग सध्याचे अध्यक्ष निवडून आले. पहिल्याच वार्षिक सभेला त्यांची नजर माझ्यावर गेली.

"पाहुणे येणार आणि भिंतीवर 'वादळ'? बरं दिसतं का ते?" असं म्हणून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला. माझ्या पाठीत एक बारीक स्क्रू आहे. तो फिरवला की काटा हवा तिथे येतो. अध्यक्षांनी तो फिरवला आणि काटा बरोब्बर 'स्वच्छ'वर आणून ठेवला. त्या वेळी बाहेर एवढा पाऊस कोसळत होता की पाहुण्यांना दारातून आत आणायला दोन छत्र्या लागल्या. भर पावसात मला स्वच्छ हवेची शपथ घालण्यात आली. तेव्हापासून बाहेर वाईटात वाईट हवा असली की मी 'स्वच्छ' दाखवतो आणि चांगली असली की 'कोरडं'च्याही पलीकडे, जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे जातो. माझे शब्द खोटे पडले, मित्रांनो. चाल मात्र खरीच राहिली. स्क्रू जागा बदलू शकतो. हवा जड होतेय की हलकी, हे त्याच्या हातात नसतं.

यानंतरची सात वर्षं माझ्या आयुष्यातली रिकामी वर्षं. पितळी काट्याला कुणी हात लावला नाही. कुणीतरी माझ्या काचेवर 'शांतता राखा' अशी पाटी चिकटवली. शांतता मी राखतच होतो.

ती पाटी काढली खळकाकांनी.

खळकाका वाचनालयाचे बाइंडर. खिडकीपाशी त्यांचं टेबल आहे. रोज सकाळी ते पिठाची खळ शिजवतात, कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घालतात आणि फाटक्या पुस्तकांच्या पाठी चिकटवायला बसतात. खळ कधी दीड तासात वाळायची, कधी संध्याकाळपर्यंत चिकटच राहायची. काकांनी आधी पिठाला दोष दिला, मग वाण्याला, मग पुस्तकं लिहिणाऱ्यांना. शेवटी एका चिकट दिवशी त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि ते रोज माझा पितळी काटा लावू लागले.

काकांनी मला ओळखलं याचं कारण त्यांची हुशारी, असं मी म्हणेन. पण खरं कारण त्यांचा चष्माही आहे. तो जवळचा आहे. टेबलावरून त्यांना माझे काटे दिसतात, शब्द दिसत नाहीत.

पुस्तक छाटलं की कागदाच्या लांब पट्ट्या उरतात. काकांनी त्यांवर लिहायला सुरुवात केली: काटा कुठे, सकाळपासून किती सरकला, वारा कुठला, खळ किती वेळात वाळली. वाऱ्यासाठी त्यांना वेगळं यंत्र लागत नाही. दालनाच्या एका बाजूला बेकरी आहे, दुसऱ्या बाजूला छापखाना. पावाचा वास आला की वारा खालच्या अंगाचा, शाईचा वास आला की वरच्या अंगाचा. रोजची एक पट्टी खिळ्याला टोचायची. अशी अकरा वर्षं गेली. खिळा तीनदा बदलला.

आता थोडं हवेविषयी सांगतो, म्हणजे पुढची गोष्ट कळेल. हवा एका जागी आठ-पंधरा दिवस बसून राहिली की त्या जागेचा स्वभाव उचलते. गरम समुद्रावर बसलेली हवा उबदार आणि ओली होते. गार कोरड्या मैदानावर बसलेली गार आणि कोरडी होते. मग हा शेकडो कोस लांबरुंद ढीग उठून चालू लागतो, तेव्हा माहेरचा स्वभाव सोबत घेऊन येतो. पुस्तकात याला वायुराशी म्हणतात. आपल्याला सकाळी घामट का वाटतं किंवा ओठ का फुटतात, याचं उत्तर बहुतेक वेळा 'सध्या आपल्याकडे कुठला पाहुणा उतरलाय' हेच असतं.

दोन वायुराशी भेटल्या की लगेच मिसळत नाहीत. एका ओट्यावर दोन जावा स्वयंपाक करू लागल्या की मधे एक न आखलेली रेघ असते, आणि घरातली सगळी आदळआपट त्या रेघेवरच होते. आकाशातल्या अशा रेघेला आघाडी म्हणतात. ढग, पाऊस, वावटळ यांची बहुतेक दुकानं तिथेच मांडलेली असतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. वाचनालयाचं छप्पर कौलारू आहे आणि ते दहा जागी गळत होतं. मोठ्या खटपटीने छपराचं काम करणारे मुकादम आपली माणसं घेऊन आले. त्यांच्याकडे सोमवार ते गुरुवार एवढेच दिवस होते. शुक्रवारी त्यांना दुसऱ्या गावी जायचं होतं, आणि ते परत येणार थेट पुढल्या वर्षी. सगळी जुनी कौलं उतरवून नवी बसवायला दोन कोरडे दिवस हवे होते. छपराखाली बावीस हजार पुस्तकं. कपाटं भिंतीत बसवलेली, म्हणजे हलवायची सोय नाही. झाकायला एक ताडपत्री होती, साधारण चादरीएवढी.

पुस्तकांची जबाबदारी ग्रंथपालांची, म्हणून त्यांनी सही केल्याशिवाय छप्पर उघडायचं नाही, असा नियम आहे. ग्रंथपालबाई नव्या होत्या. नेमणूक सहा महिन्यांची, कच्ची. ती पक्की करणं अध्यक्षांच्या हातात. त्यात अध्यक्ष त्यांचे सख्खे मामा. त्यामुळे बाई घरी त्यांना 'मामा' म्हणायच्या आणि दालनात 'साहेब'. पहिल्या दिवशीच तसं ठरलं होतं.

सोमवारी आकाशात पिसांसारखे उंच ढग आले आणि सूर्याभोवती कडं पडलं. माझा काटा हळूहळू डावीकडे निघाला. मंगळवारी दिवसभर बारीक, न थांबणारी रिपरिप. मुकादमांची माणसं ओसरीवर पत्ते खेळत बसली. बुधवारी सकाळी पाऊस थांबला. ढग फाटले, निळा तुकडा दिसला, उबदार वारा सुटला. अध्यक्ष हात चोळत आले. त्यांच्यामागे फोटोग्राफर होता.

"चला मुकादम, चढवा माणसं! गेला पाऊस. आज आणि उद्या, झाले दोन दिवस. बाई, सही करा." माझ्यासमोर उभं राहून त्यांनी काचेवर अशी टिचकी मारली की माझ्या पोटातली काट्याची बारीक साखळी शहारली. "बघा, काय म्हणतोय काटा? स्वच्छ!"

"साहेब," खिडकीतून खळकाका म्हणाले, "काल सकाळची खळ अजून ओली आहे."

"मग पीठ बदला."

"पिठाचं नाही हो. हवा बदललेली नाही. म्हणजे बदलली, पण अर्धीच." काका उठले. हातात दोन पुस्तकं होती, एक जाडजूड कोश आणि एक पातळ वही. वही त्यांनी टेबलावर तिरकी धरली. "ही गरम ओली हवा. ती हलकी. समोर गार हवा बसलेली असली की ही तिच्या पाठीवरून जिना चढल्यासारखी सावकाश चढते. म्हणून दोन दिवस आधीपासून ढग, आणि काल दिवसभर रिपरिप. ती गेली. आता आपण या गरम हवेच्या पोटात बसलोय. म्हणून छान वाटतंय."

"मग छान आहेच की!"

"पण मागून हा येतोय." काकांनी कोश टेबलावरून सरकवत आणला आणि पाचरीसारखा वहीखाली घातला. वही ताडकन उभी राहिली. "गार हवा. जड. ही जिना चढत नाही, दुसऱ्याला उचलून फेकते. पाऊस कमी वेळ, पण कालच्या दसपट."

मुकादमांनी दाढी खाजवली. "काका, तुम्ही बाइंडर का वेधशाळा?"

"मी खळवाला. अकरा वर्षांत असं चौदा वेळा झालंय. आधी लांब रिपरिप, मग अर्धा दिवस उबदार, काटा अडकलेला, खळ ओली, वास पावाचा. बारा वेळा मागून दुसरा पाऊस आला."

"आणि उरलेल्या दोनदा?" बाईंनी विचारलं.

"एकदा नाही आला." काकांनी खिळ्याकडे नजर टाकली. "एकदाची चिठ्ठी उंदराने खाल्ली."

अध्यक्ष एवढे हसले की फोटोग्राफरने चुकून फोटो काढला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी मुकादमांना विचारलं, "आज नाही उघडलं, तर उद्या एका दिवसात होईल?"

"दिवसभर कोरडं मिळणार असेल तर उजाडताच चढू आणि अंधाराच्या आत उतरू. पण मधे एक थेंब पडला तर पुस्तकं तुमची आणि बोलणीही तुमची. आणि आज-उद्या नाही झालं तर वर्षभर बादल्या लावा."

म्हणजे प्रश्न सरळ होता. आज सही केली आणि काका बरोबर निघाले, तर बावीस हजार पुस्तकांचा लगदा. आज सही नाही केली आणि काका चुकले, तर छप्पर गेलं, आणि मामांनी मनावर घेतलं तर नोकरीही गेली.

बाई माझ्याकडे आल्या. तोवर मला त्या रोज पुसत असत, पण वाचत नसत. त्यांनी नखाने हलकेच टिचकी दिली. अशी टिचकी दिली की अडकलेला काटा सुटतो; ठोसा मारला तर बिघडतो. मग त्यांनी पितळी काटा माझ्या काळ्या काट्यावर आणून बसवला आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. पाव तास गेला. काही नाही. अर्धा तास गेला. अध्यक्षांनी दोनदा घसा साफ केला. पाऊण तासाने बाईंनी पुन्हा टिचकी दिली, आणि काळा काटा पितळीच्या डाव्या बाजूने केसभर बाहेर आला. तासाभराने सुतळीएवढी फट झाली. मी अजून 'स्वच्छ'वरच होतो. पण 'स्वच्छ'मधून निघालो होतो.

बाई उठल्या. "मामा, मी आज सही करत नाही."

दालनात 'मामा'! ओसरीवरचे पत्तेसुद्धा थांबले.

"अगं, तुझ्या डोळ्यांसमोर स्वच्छ लिहिलंय."

"लिहिलंय तुम्ही. ज्या दिवशी लिहिलंत त्या दिवशी बाहेर काय होतं, ते आईने मला दहा वेळा सांगितलंय. तिची नवी साडी भिजली होती."

अध्यक्ष दाराकडे वळले. पण फोटोग्राफर आलेला होता. "ठीक आहे," ते म्हणाले. "छप्पर नका उघडू. पण शुभारंभाचं एक कौल काढायला सही लागत नाही." आणि ते शिडीवरून वर चढले. मुकादमांनी खालून दाखवलेलं कौल त्यांनी दोन्ही हातांनी उचललं. फोटो निघाला. छपरात एक चौकोनी निळं आकाश दिसू लागलं. "असू दे तसंच. काम सुरू झालंय हे लोकांना दिसू दे," असं सांगून ते जेवायला गेले.

दुपारी पावणेचारला काकांनी सुई खाली ठेवली आणि नाक वर केलं. पावाचा वास गेला होता. मिनिटभर कुठलाच वास नव्हता. मग खिडकीचं तावदान आपटलं आणि दालनभर छापखान्याची शाई दरवळली.

"आला!" काका ओरडले.

छापखान्याच्या मागून शाईच्याच रंगाची भिंत उठत होती. पुढची चाळीस मिनिटं कौलांवर जे काही पडलं त्याला पाऊस म्हणणं म्हणजे त्याचा अपमान आहे. ते सगळं जर त्या बावीस हजार पुस्तकांवर पडलं असतं, तर! पण छप्पर मिटलेलं होतं. जुन्या दहा गळक्या जागांखाली बादल्या लावलेल्या होत्याच. अकरावी जागा नवी होती. चौकोनी. तिच्यातून नळ सोडल्यासारखी धार लागली आणि बरोबर अध्यक्षांच्या कोरीव लाकडाच्या खुर्चीत पडू लागली. शिंतोडे शेजारच्या कोशांच्या कपाटावर उडू लागले. बाई आणि काका ताडपत्री घेऊन धावले. सगळ्या छपराला ती पुरली नसती. एका भोकाला बरोबर पुरली. बाईंनी दोन टोकं धरली, काकांनी दोन. दोघंही चाळीस मिनिटं तशीच उभी.

आणि मी? पाऊस ऐन भरात असताना मी उडी मारली. गार जड हवा डोक्यावर येऊन बसली, डबी चेपली, आणि काळा काटा पितळीला ओलांडून सरळ उजवीकडे धावत सुटला. "काका, काटा!" बाई ताडपत्री न सोडता ओरडल्या. काकांना शब्द दिसत नव्हते. चाल दिसली. ते म्हणाले, "बोलवा मुकादमांना. उद्या उजाडताच चढा म्हणावं."

गुरुवारी आकाश घासलेल्या भांड्यासारखं लखलखत होतं. हवा गार, कोरडी. बाईंनी उजाडताच सही केली. कौलं उतरली, नवी चढली, आणि शेवटची ओळ बसली तेव्हा मुकादमांना अजून आपली सावली दिसत होती. काकांची खळ एक तास दहा मिनिटांत वाळली. तशी पट्टी त्यांनी खिळ्याला टोचली. अशा प्रसंगाची पंधरावी.

शुक्रवारी अध्यक्ष आले. ओल्या खुर्चीकडे न बघता माझ्याकडे आले. हातात स्क्रू-ड्रायव्हर. "याला मीच बिघडवलं होतं," ते हळूच म्हणाले. "वेधशाळेला विचारून नीट लावून टाकू."

"अजिबात नको!" काका ताडकन उठले. "स्क्रू फिरवलात की माझ्या अकरा वर्षांच्या चिठ्ठ्यांशी नवे आकडे जुळायचे नाहीत. चूक तर चूक, पण ती एका जागी राहू द्या."

शेवटी मार्ग काढला बाईंनी. माझी काच उघडली. काकांनी पांढऱ्या कागदाची एक कमानदार पट्टी कापली, ताजी खळ लावली आणि ते पाचही शब्द झाकून टाकले. आता माझ्या तबकडीवर फक्त बारीक रेघा आहेत आणि दोन काटे.

अध्यक्षांनी बराच वेळ निरखून पाहिलं. "आता यावर काय लिहिलंय ते कळणार कसं?"

"काही लिहिलेलंच नाही, मामा," बाई म्हणाल्या. "बघावं लागेल." या वेळी 'साहेब' म्हणायची आठवण त्यांना कुणी करून दिली नाही. पुढच्या महिन्यात नेमणूक पक्की झाली.

काकांना आता काटेही अंधुक दिसतात. पट्ट्या बाई लिहितात. खळ काकाच शिजवतात, कारण बाईंच्या खळीत गुठळ्या होतात, आणि ते काका रोज सांगतात.

मित्रांनो, तुमच्या घरी, शाळेत, कचेरीत माझा एखादा भाऊबंद धूळ खात टांगलेला असेल. त्याला पुसा. टिचकी मारायची तर नखाने, हलकेच. त्याच्या तोंडावर काय लिहिलंय ते मनावर घेऊ नका. ते कुणी, कुठे आणि कुठल्या सभेच्या दिवशी लिहिलं, देव जाणे. तो निघालाय कुठे, तेवढं बघा. आणि सकाळी पितळी काटा लावायला विसरू नका. ज्याने सकाळी तो लावला नाही, त्याने संध्याकाळी माझ्यासमोर कितीही वेळ उभं राहावं, मी त्याला काहीच सांगू शकत नाही.